अक्षरे ब्राह्मीला, आकडे सुंदरीला

वाशीम, रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीर येथील एखाद्या जैन व्यापाऱ्याच्या घरात दिवसभरात किती भाषा वाचल्या जातात, याची मोजदाद कोणी करीत नाही. सकाळी उघडलेल्या सामायिकाच्या पुस्तकातील सूत्रे प्राकृतात असतात. दुकानाची पाटी आणि बाजार समितीची पावती मराठीत, प्रवचनाचे पुस्तक हिंदीत किंवा गुजरातीत, जीएसटीचे विवरण आणि औषधाच्या वेष्टनावरील नाव इंग्रजीत. स्वयंपाकघरातील बोलणे यांपैकी कशातच बसत नाही. ते मारवाडीत, कच्छीत नाहीतर वऱ्हाडी मराठीत चालते. अशा घरातले सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा त्याच्यापुढे दोन लिप्या आणि तीन-चार भाषा एकदमच येऊन उभ्या राहतात. त्याला कोणत्या माध्यमात घालावे, आधी कोणती अक्षरे गिरवून घ्यावीत, इतक्या भाषांनी त्याचा गोंधळ तर होणार नाही ना, या प्रश्नांचा निकाल बहुतेक घरांत शेजारच्या मुलाकडे पाहून लागतो. वास्तविक माणसाचा मेंदू वाचायला कसा शिकतो, याविषयी आज पुष्कळ ठोस माहिती हाती आहे आणि तिचा काही भाग आपल्याच देशात, देवनागरी वाचणाऱ्या माणसांकडून मिळालेला आहे.

बोलणे मूल ऐकून ऐकून शिकते. वाचनाचे तसे नाही. मनुष्य बोलू लागल्याला हजारो पिढ्या लोटल्या. लिहू-वाचू लागल्याला जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या अल्प काळात मेंदूत वाचनासाठी स्वतंत्र जागा घडणे शक्यच नव्हते. म्हणून मेंदूने उसनवारी केली. वस्तू, आकृती आणि चेहरे ओळखणारा जो प्रदेश आधीच तयार होता, त्यातील एक तुकडा त्याने अक्षरांच्या कामाला लावला. डाव्या अर्धगोलाच्या मागील बाजूस, तळाशी असलेल्या या तुकड्याचा फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहेन आणि लॉराँ कोएन यांनी सविस्तर अभ्यास केला. माणूस चिनी वाचो, अरबी वाचो की मराठी, हा तुकडा जवळपास त्याच ठिकाणी सापडतो. जो कधीच वाचायला शिकला नाही त्याच्या मेंदूत तीच जागा इतर आकार ओळखण्याचे काम करीत राहते.

या जागेचा पहिला पत्ता, योगायोग असा की, एका व्यापाऱ्यामुळे लागला. १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात फ्रान्समधील एका निवृत्त कापड व्यापाऱ्याला अचानक वाचता येईनासे झाले. वैद्यकीय वाङ्मयात त्यांची ओळख ‘मस्यू सी’ एवढीच आहे. अक्षरे त्यांना दिसत होती, पण ती कोणती हे उमगत नव्हते. नेत्रतज्ज्ञ लांडोल्ट यांनी त्यांना तपासले आणि मेंदूविकारांचे जाणकार ज्यूल देजरीन यांच्याकडे पाठवले. मस्यू सी यांचे बोलणे उत्तम होते, ऐकलेले सर्व समजत होते. सांगितलेला मजकूर ते नीट लिहून काढीत. मात्र स्वतःच लिहिलेला तोच कागद त्यांना वाचता येत नसे. अक्षराच्या रेषांवरून बोट फिरवले की मग ते ओळखीचे होई. संगीताची स्वरलिपीही हातची गेली होती. आकड्यांना मात्र धक्का लागला नव्हता. आकडे ते वाचीत आणि मोठाले हिशेबही बिनचूक करीत. १८९२ च्या जानेवारीत दुसरा आघात झाला, तेव्हा लिहिणेही गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. देजरीन यांनी शवविच्छेदन करून डाव्या अर्धगोलाच्या मागील भागातील जुनी इजा दाखवून दिली. अक्षरे ओळखण्याचे काम मेंदू प्रामुख्याने डाव्या बाजूवर सोपवतो, तर आकडे दोन्ही बाजूंना ओळखता येतात. डावी बाजू निकामी झाली तरी उजवीने या वृद्ध व्यापाऱ्याचा हिशेब शाबूत ठेवला होता.

येथे जैन वाचकाला एक जुनी कथा आठवल्यावाचून राहणार नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या दोन कन्यांना विद्या देतात. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक. समवायांगसूत्रात अठरा लिप्यांची गणना आहे, तिचा आरंभ ब्राह्मीपासून होतो. भगवतीसूत्राच्या प्रारंभी तर ब्राह्मी लिपीला वंदन आहे. या कथेला विज्ञानाचा दाखला बनवण्याचे कारण नाही. नवव्या शतकातील आचार्यांपुढे मेंदूची छायाचित्रे नव्हती. तरीही अक्षर आणि अंक या दोन निराळ्या विद्या आहेत आणि दोन्ही कोणीतरी बसून शिकवाव्या लागतात, हे त्या कथाकाराला स्वच्छ दिसले होते.

जागा एक असली तरी प्रत्येक लिपी तिच्याकडून निराळे काम करवून घेते. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. परंतु कोणते अक्षर कोठे कसे उच्चारावे, याचा भरवसा नाही. देवनागरीचे उलट आहे. मराठीची चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बाराखडी मांडली, तर ४०८ आकृत्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. एवढा पसारा डोळ्यांत भरायला वेळ लागतो. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतील मुलांचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की अक्षरसंचावर पुरती पकड येण्यास मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो. कन्नड आणि देवनागरी या एकाच घराण्यातील लिप्या असल्याने मराठी पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. दुसरीतील मूल ‘कृष्णा’ किंवा ‘राष्ट्र’ या शब्दांपाशी अडखळले म्हणून ते मंद ठरत नाही. मात्र एकदा ही पकड आली की देवनागरी शब्दाला दगा देत नाही.

याचा सर्वांत चांगला पुरावा पाठशाळेत मिळतो. आठ-नऊ वर्षांचे मूल प्रतिक्रमणाची प्राकृत सूत्रे पुस्तकातून खडखडीत वाचते. त्यातील बहुतेक शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक नसतो, ती भाषा आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही. तरी उच्चार बरोबर येतो. अक्षरावरून ध्वनी आणि ध्वनीवरून शब्द अशी ही वाट आहे. इंग्रजीत ही वाट अर्ध्यावर सोडते. तेथे अनेक शब्द पूर्ण आकृती म्हणून ओळखावे लागतात आणि अर्थाचा आधार घ्यावा लागतो. २००३ मध्ये तेरा युरोपीय भाषांतील मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षाच्या अखेरीस फिनिश, ग्रीक, जर्मन, इटालियन मुले ओळखीच्या शब्दांपैकी शेकडा ९५ वा अधिक शब्द अचूक वाचीत होती. इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुले शेकडा ३४. ही मुले काही कमी बुद्धीची नव्हती. त्यांची लिपीच अधिक मुदत मागणारी होती.

देवनागरीही अगदी निष्पाप नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहावी लागते, पण उच्चारावी लागते नंतर. ‘दिवस’ वाचताना डोळ्याला आधी इकार भेटतो, जिभेला आधी द लागतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेले प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध केले. अशा शब्दांच्या वाचनात विलंब होतो आणि चुकाही अधिक होतात, असे त्यांना आढळले. मराठीची आणखी एक खोड आहे. ‘चंद्र’ आणि ‘चाक’ या दोन शब्दांतील च एकच लिहिला जातो, उच्चार दोन होतात. मराठी घरातले मूल ते ऐकूनच शिकून आलेले असते. मारवाडी वा गुजराती बोलणाऱ्या घरातील मूल दोन्ही च एकसारखे उच्चारते आणि वर्गात हसे होते. येथे चूक वाचनाची नसून कानाची आहे, हे शिक्षकाने ओळखले पाहिजे. मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यावर गोरबोली बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून मोठी असते. अक्षरे जुळवून त्याने शब्द उच्चारला तरी तो शब्द त्याच्या कानाच्या ओळखीचा नसतो. जुळवणी बरोबर आली की चुकली, हे त्याला कळायला काही साधनच नाही. इंग्रजी न बोलणाऱ्या घरातून इंग्रजी शाळेत गेलेल्या व्यापारी घरातील मुलाची स्थिती नेमकी हीच असते, फक्त तिच्यावर गणवेशाचे पांघरूण असते.

मग दोन लिप्या एकत्र शिकवाव्यात की एकामागून एक? हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातला. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही उत्तम वाचणाऱ्या प्रौढांचे त्यांनी दोन गट घेतले. पहिल्या गटातील १४ जण पाचव्या वर्षीच दोन्ही लिप्या शिकले होते. दुसऱ्या गटातील १० जण पाचव्या वर्षी हिंदी आणि दहाव्या वर्षी इंग्रजी. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच वेळी शिकलेल्यांच्या मेंदूने दोन वाटा पाडल्या होत्या. हिंदी वाचताना ध्वनी जुळवणारा वरचा भाग अधिक काम करी, तर इंग्रजीच्या वेळी शब्दाची आकृती आणि अर्थ सांभाळणारा खालचा भाग. उशिरा इंग्रजी शिकलेले मात्र इंग्रजीही हिंदीच्याच वाटेने वाचीत होते, आणि तरीही ते चांगले वाचक होते.

माणसे थोडी, चाचणी मर्यादित. एवढ्यावर शाळेचे माध्यम ठरवणे म्हणजे एका दिवसाच्या भावावरून वर्षाचा माल भरण्यासारखे होईल. पण दोन गोष्टी त्यातून खात्रीने घेता येतात. लहानपणी दोन लिप्या शेजारी शेजारी शिकल्याने मेंदूत खिचडी होत नाही. आणि आधी देवनागरी पक्की करून नंतर इंग्रजीकडे गेलेला वाचक वाया जात नाही. नुकसान होते ते तिसऱ्याच प्रकारात. इंग्रजी शब्दांचे अर्थ घरात कोणी बोलत नाही, मराठी ‘नंतर येईलच’ म्हणून सोडून दिलेली असते आणि मूल दोन्हीकडे नुसते उच्चार करीत राहते. अशी मुले वाशिमात आहेत आणि त्यांच्या शाळेच्या शुल्काशी याचा काहीही संबंध नाही.

काही मुलांचे अडणे मात्र शिकवण्यातून येत नाही. बोलण्यात चतुर, गल्ल्यावर बसवले तर सुटे पैसे क्षणात मोजणारे मूल पुस्तक उघडले की थिजते. घरात त्याला आळशी म्हटले जाते, कधी मार बसतो. ही डिस्लेक्सिया असू शकते आणि ती लिपीनुसार वेष बदलते. २००१ मध्ये एराल्दो पावलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचणाऱ्या अशा प्रौढांची तुलना केली. सरळ उच्चारांच्या इटालियनमध्ये वाचन त्यातल्या त्यात बरे होते. मेंदूतील उणीव मात्र तिन्ही देशांत सारखीच दिसली. म्हणजे इंग्रजीत जे मूल उघड चुका करते, ते सरळ लिपीत चुका न करता केवळ फार सावकाश वाचते, आणि ‘वाचते तर खरे’ म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मानेसरच्याच केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी २०१५ मध्ये उपलब्ध केली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठी शाळेतील मुलाची पारख केवळ इंग्रजी चाचणीवर करू नये, एवढा तरी आग्रह पालकांनी धरावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला आहे.

मुलांच्या या चिंतेत मोठ्यांची निरक्षरता सहसा विसरली जाते. जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या आहेत. आजोबांच्या हातच्या त्या वह्या नातवाला वाचता येत नाहीत. काही मोडीत आहेत, काही महाजनीत. तिलाच कोणी वाणिकी म्हणत, कोणी मुडिया. महाजनीत काना-मात्रा-वेलांटी बहुधा गाळली जाई. त्यावरून पिढ्यानपिढ्या सांगितला जाणारा विनोद प्रसिद्ध आहे: काका अजमेरला गेल्याचे पत्र घरच्यांनी ‘काका आज मर गया’ असे वाचले आणि रडारड सुरू केली. विनोद बाजूला ठेवला तर ही लिपी म्हणजे मेंदूच्या कसबाचा उत्तम नमुना आहे. केवळ व्यंजनांवरून मुनीम शब्द ओळखी, कारण व्यवहार, गाव, मालाचे नाव आणि ऋतू त्याला ठाऊक असे. अरबी आणि हिब्रू वाचणारे आजही बहुतांश स्वरचिन्हांवाचूनच वाचतात. मोडीत स्वरचिन्हे आहेत, पण ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जायचे, शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने ठरवायचे. शब्दांमधील मोकळी जागा ही आजच्या डोळ्याला मिळालेली केवढी मोठी सवलत आहे, हे मोडीचा कागद हाती घेतल्यावर उमगते.

कारंजा हे तर या बाबतीत अख्ख्या जिल्ह्याचे भूषण. तेथील बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या तीन दिगंबर मंदिरांपैकी बलात्कार गण आणि सेन गण यांच्या भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. १९२६ मध्ये नागपूरहून रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची निघाली, तिच्यात या भांडारांचा समावेश झाला आणि विद्वानांचे लक्ष वऱ्हाडातील या कापसाच्या गावाकडे वळले. पुढे कारंजाच्या ग्रंथमालांतून अपभ्रंशातील काही काव्ये प्रथमच छापली गेली. पुष्पदंताचे जसहरचरिउ १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी संपादिले, णायकुमारचरिउ १९३३ मध्ये आणि कनकामराचे करकंडचरिउ १९३४ मध्ये अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी. पैसा व्यापाऱ्यांचा होता, डोळे पंडितांचे होते. हे काम किती कठीण, याची कल्पना सामान्य वाचकाला नसते. जुन्या जैन नागरीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून अनेकदा आधी उभ्या रेघेने दाखवलेली असते. तिला पडिमात्रा म्हणतात. च आणि व, प आणि य, थ आणि घ यांतील फरक लेखकाच्या हातावर अवलंबून. नवख्याला ती रेघ कानाच वाटते. सरावलेल्या वाचकाचा मेंदू मात्र ती विनासायास पुढल्या अक्षराला जोडतो, जसे मराठी मूल पहिली वेलांटी जोडते. षट्खंडागमावरील धवला टीका तर मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत होती. ती नागरीत उतरली आणि १९३९ पासून हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली सोळा खंडांत छापली गेली, तेव्हा कोठे उत्तरेकडील वाचकाला उघडली. भाषा तीच, ग्रंथ तोच. लिपी बदलेपर्यंत बहुतेकांसाठी तो मुका होता.

आता या वयात नवी लिपी कुठे शिकणार, असे मोठी माणसे म्हणतात. लखनौजवळच्या खेड्यांतील स्त्रियांनी याचे उत्तर दिले आहे. तिशीच्या आसपासच्या, कधीही शाळेत न गेलेल्या या स्त्रियांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले गेले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे चित्रण झाले. मायकेल स्काइडे, फाल्क ह्यूटिग आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात बदल केवळ वरच्या थरात आढळला नाही. डोळ्यांकडून येणारी माहिती पुढे पाठवणाऱ्या, मेंदूच्या खोल आणि प्राचीन भागांचाही दृष्टिकेंद्राशी मेळ बसलेला दिसला. त्याच परिसरातील मोठ्या गटावर आधारलेला दुसरा अभ्यास २०१९ मध्ये आला. वाचन शिकल्याने चेहरे ओळखण्याच्या शक्तीला काही मोजावे लागते, अशी जी शंका होती, तिला त्यात आधार मिळाला नाही.

ज्या गृहस्थाला देवनागरी येते, त्याला मोडी शिकायला या स्त्रियांइतकेही कष्ट नाहीत. बरीच अक्षरे नात्यातील आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. महाजनीचे जाणकार कमी उरले आहेत, म्हणून ऐंशीच्या घरातील जे कोणी मुनीम वा आजोबा ती वाचू शकतात त्यांच्यासमोर वही उघडून बसण्याची निकड अधिक. आरंभ आकड्यांपासून करावा, ते बहुधा लगेच लागतात. मग तिथी आणि महिने, मग खातेदारांची गावे. आणि श्वेतांबर घरातील दिवाळीची वही असेल, तर पहिले पान सोपे जाते. शारदापूजनाच्या वेळी तेथे गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी मागितलेली असते. तो मजकूर घरातील बायका-मुलांना तोंडपाठ असतो. त्याच्याखाली बोट ठेवून एकेक अक्षर ओळखत गेले, तर त्या पानावरच निम्मी-अधिक वर्णमाला हाती लागते.